पोराला पहिली रेसची बोट घेताय? सगळ्यांसारखी घ्यायची का नियमात मोकळीक असलेली

रेगाटाच्या, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींच्या, आदल्या दिवशी बोटींची मापं घेतात ना, त्या टेबलावर मी बरीच वर्षं बसतोय, फुकटात, हौसेला मोल नसतं म्हणतात तसं. आणि दर वेळी कोणीतरी नवीन आई नाहीतर बाबा टेबलापाशी घुटमळतात आणि हळूच विचारतात, की या बोटी तर सगळ्या सारख्याच दिसतायत, मग ते पुढचं पोरगं एवढं पळतं कसं? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, आम्ही पण ही सगळ्यांसारखीच घ्यायची का ती दुसऱ्या टाइपची, जिच्यात आपलं आपण काय काय बदलता येतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं अर्धं उत्तर त्यातच मिळतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

दोन ऑप्टिमिस्ट शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. ऑप्टिमिस्ट म्हणजे ती पुढून चपटी, टबासारखी लहान मुलांची बोट, लांबी 2.36 मीटर, नुसत्या हलचं, म्हणजे शीड-काठ्या सोडून बोटीच्या अंगाचं, वजन किमान 35 किलो. दोन्ही हल एकाच साच्यातले, दोन्ही सेल, म्हणजे शिडं, एकाच मापाची. पण डावीकडच्या बोटीच्या सेलवर एक लांब सुरकुती आहे, मास्टला, म्हणजे उभ्या डोलकाठीला, लागून वरचा जो कोपरा असतो तिथून निघून बूमच्या, म्हणजे सेलच्या खालच्या आडव्या काठीच्या, टोकापर्यंत तिरपी गेलेली. याचा अर्थ स्प्रिट सैल आहे. स्प्रिट म्हणजे सेलचा उंच कोपरा वर ढकलून धरणारी ती तिरपी काठी, तिची दोरी जरा खेचली की सुरकुती गायब. फार खेचली तर उलट सुरकुती येते, वरच्या टोकापासून खाली मास्टच्या बुडाशी असलेल्या कोपऱ्याकडे. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पैसे शून्य लागतात, आणि वारा वाढला की परत करावं लागतं. पुढचं पोरगं हे किनाऱ्यावर करतं, पाण्यावर करतं, स्टार्टच्या आधी परत एकदा करतं. बोट सारखीच आहे हो, लक्ष सारखं नाहीये.

तर आता दुसरा प्रश्न, टप्प्याटप्प्याने.

पायरी 1: दोन शब्द नीट समजून घ्या

क्लास म्हणजे एकाच नियमांखाली रेस करणाऱ्या बोटींचा प्रकार. वन-डिझाइन म्हणजे सगळ्यांची बोट एकाच आराखड्याची, फरक जवळजवळ शून्य. डेव्हलपमेंट क्लास म्हणजे नियम एक चौकट देतात, लांबी एवढी, रुंदी एवढी, सेल एवढं, आणि त्या चौकटीत तुम्ही काय हवं ते बनवा. याला बॉक्स रूल पण म्हणतात, खोक्यात बसलं म्हणजे झालं.

मॉथ नावाची बोट हे त्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण. लांबी 3.355 मीटरच्या आत, रुंदी 2.25 मीटरच्या आत, सेल साधारण 8 चौरस मीटर, आणि वजनाला खालची मर्यादाच नाही. एवढी मोकळीक दिली की लोक डोकं चालवणारच. कोणीतरी पाण्याखाली पंख लावले, बोट पाण्याच्या वर उचलली गेली, आणि 2005 साली तसल्या फॉइलवाल्या मॉथने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. त्यानंतर ज्यांच्याकडे बिनफॉइलची बोट होती त्यांची काय अवस्था झाली असेल बघा, परवापर्यंत भारी असलेली बोट एकदम जुन्या बाजारात. मोकळीक असलेल्या क्लासमध्ये जाताना हे कायम डोक्यात ठेवायचं, तिथे बोट जुनी होते ती झिजून नाही, शेजाऱ्याला नवीन कल्पना सुचल्यामुळे.

याच्या उलट गोष्ट युरोप नावाच्या बोटीची. 1960 मध्ये अलोइस रोलांने ती काढली ती मॉथच्याच नियमात बसणारी म्हणून, पुढे लोकांना तो एकच आकार एवढा आवडला की तोच गोठवला आणि वेगळा वन-डिझाइन क्लास झाला, 1992 ते 2004 बायकांच्या ऑलिम्पिकमध्ये हीच बोट होती. म्हणजे हे दोन प्रकार म्हणजे काही दोन वेगळ्या जाती नाहीत. आजची मोकळीक उद्या गोठते, आणि गोठलेल्यातही फटी असतातच. युरोपमध्येच बघा, हल सारखा पण मास्ट किती वाकतो ते आपापल्या वजनाप्रमाणे निवडायचे लोक.

म्हणून माझं म्हणणं असं, की नावावर जाऊ नका. "वन-डिझाइन आहे का हो?" हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायचं असं, की या क्लासमध्ये नक्की काय काय मोकळं आहे आणि ते सांभाळायला आपल्या घरात वेळ, पैसे आणि आवड आहे का. बाकी सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नाच्या आहेत.

पायरी 2: आधी पोराचं वजन आणि उंची, मग क्लास

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग रडतात. वजन म्हणजे पोराने किती खाल्लं तो विषय नाही. पोर बाहेर लोंबकळून बोट सपाट ठेवतं, म्हणजे हाइकिंग, त्यासाठी अंगात वजन लागतं, आणि वारा पडला की तेच वजन ओझं होतं. 30 किलोचं पोर मोठ्या सेलखाली बसवलंत तर ते जोराच्या वाऱ्यात रेस करत नाही, नुसता जीव वाचवत बसतं. दोनतीन रविवार असे गेले की म्हणतं मला नाही जायचं, आणि आईबाबा म्हणतात याला आवडच नाही. अहो आवड होती, बोट मोठी होती.

ऑप्टिमिस्टला वयाची अट आहे, ज्या वर्षी 15 पूर्ण होतात ते शेवटचं वर्ष, पण भरभर वाढणारी मुलं त्याच्या बरीच आधी त्यात मावेनाशी होतात, गुडघे कुठे ठेवायचे तेच कळत नाही. आता गंमत बघा, एवढी बंदिस्त बोट पण सेल मात्र वेगवेगळे सेलमेकर शिवतात आणि हलक्या, मध्यम, जड पोरासाठी वेगवेगळा कट देतात. माप तेच, पोटाचा फुगवटा वेगळा. जड पोराला भरदार सेल, हलक्याला जरा चपटं, म्हणजे वारा वाढला की झेपतं.

हे मी स्वतः पोळून शिकलोय. माझ्या लेकीसाठी मी एक सेल घेतलं, एका रेगाटात ते लावलेली बोट पहिली आली होती म्हणून. विकणाऱ्याने वजन विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते सेल होतं 50 किलोच्या पुढच्या पोरांसाठी आणि ही जेमतेम 36 ची. अख्खा सीझन वारा जरा वाढला की ही आडवी, आणि मी किनाऱ्यावरून ओरडतोय हाइक कर हाइक कर. शेवटी तिच्या मैत्रिणीचं जुनं, मऊ पडलेलं सेल एक दिवस लावून बघितलं आणि त्या दिवशी ती एकदाही उलटली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त, बोलली काही नाही.

वाढत्या अंगाला सोयीचा प्रकार म्हणजे इल्का, जिला अजून सगळे लेझरच म्हणतात, 2019 मध्ये नाव बदललं. 4.2 मीटरचा तोच हल, आणि सेल तीन मापांची, 4.7, साधारण 5.8 आणि 7.06 चौरस मीटर, त्याच क्रमाने नावं इल्का 4, 6 आणि 7. मास्ट दोन तुकड्यांचा असतो, खालचा तुकडा आणि सेल बदललं की बोट पुढच्या मापाची झाली. म्हणजे पोर वाढलं तरी हल तोच राहतो. घराचा हिशोब बघता हा मुद्दा मोठा आहे.

पायरी 3: स्टार्ट लाइनवर किती बोटी उभ्या राहतात ते मोजा

इंटरनेटवर नाही, डोळ्यांनी मोजा. तुमचं पोर जिथे दर आठवड्याला जाणार तिथे त्या क्लासच्या बोटी किती निघतात? दहाबारा निघत असतील तर बाकी सगळे वाद बाजूला ठेवून तोच क्लास घ्या असं मी सरळ सांगतो. पोरं कोचकडून जेवढं शिकतात त्याच्या दुप्पट शेजारच्या बोटीकडून शिकतात. शेजारची बोट सारखी असली तर फरक लगेच कळतो, तो पुढे गेला म्हणजे त्याने काहीतरी वेगळं केलं, दोरी, बसणं, वळण, काहीतरी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोयच राहत नाही, अंगण सगळ्यांचं एकच. वन-डिझाइनचा खरा फायदा हा आहे. समान संधी वगैरे मोठे शब्द लोक वापरतात, पण मला विचाराल तर पोराला स्वतःची चूक दिसते हे त्यातलं सोनं.

बोटी कमी असतील आणि प्रत्येकाची वेगळी असेल तर रेस हॅंडिकॅपवर होते. त्याचा हिशोब एकदा समजून घ्या कारण पोरं घरी येऊन रडतात, "मी आधी पोचले आणि तरी दुसरी!" पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. प्रत्येक प्रकारच्या बोटीला एक आकडा असतो, हळू बोटीला मोठा, पळणाऱ्या बोटीला लहान. लागलेला वेळ गुणिले 1000 भागिले तो आकडा. समजा हळू बोटीचा आकडा 1200 आणि तिला 60 मिनिटं लागली, तर तिचा हिशोबातला वेळ 50 मिनिटं. वेगवान बोटीचा आकडा 1000 आणि ती 52 मिनिटांत आली, तर तिची 52 च राहिली. आठ मिनिटं आधी येऊनही ती हरली. मोठ्यांना हे पटतं, 10 वर्षांच्या पोराला समजावून बघा एकदा. आणि डेव्हलपमेंट क्लासची तर अजून पंचाईत, त्याच नावाखाली जुनी बोट आणि नवीन बोट दोन्ही येतात आणि आकडा बरेचदा एकच असतो. म्हणून एकट्यादुकट्या वेगळ्या बोटीत पोराला बसवायच्या आधी विचार करा, जिंकला का हरला तेच त्याला धड कळणार नाही.

पायरी 4: क्लास रूल्सचा कागद उघडा आणि पेन्सिल घ्या

कंटाळवाणं काम आहे, माहितीये, पण करा. क्लासच्या वेबसाइटवर पीडीएफ असते. सुरुवातीलाच कुठेतरी लिहिलेलं असतं की नियम क्लोज्ड आहेत का ओपन. हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. क्लोज्ड म्हणजे ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही ते सगळं बंद. ओपन म्हणजे जे स्पष्ट मना केलेलं नाही ते सगळं चालतं. दिसायला छोटा फरक आहे, पण एक बाबा आपल्या हुशारीने पोराच्या बोटीला भारी पुली लावून आले होते, नियमात कुठे नाही म्हटलंय दाखवा म्हणाले. अहो क्लोज्ड नियमात नाही म्हणावंच लागत नाही, हो म्हटलेलं दाखवायची जबाबदारी तुमची. पुली काढायला लावली, पोराचा प्रॅक्टिसचा दिवस त्यात गेला.

आता पेन्सिलने खुणा करत जा. जे मोकळं आहे त्याच्या बाजूला एक रेघ, जे एकाच ठरलेल्या कंपनीकडून घ्यावं लागतं त्याला दोन रेघा, आणि ज्याला माप आणि मर्यादा आहे त्याला गोल. रेघांची संख्या म्हणजे तुमचे शनिवार. दोन रेघांची संख्या म्हणजे तुमचा खर्च, कारण तिथे स्वस्तातला पर्याय शोधायला जागाच नसते. इल्कामध्ये दोन रेघा भरपूर, सेलसुद्धा ठरलेल्या बनवणाऱ्याचंच लागतं, दुसऱ्याने शिवलेलं तसंच हुबेहूब असलं तरी रेसला चालत नाही, फक्त सरावाला वापरा. ऑप्टिमिस्टमध्ये हल वेगवेगळे कारखाने बनवतात पण सगळे एकाच आराखड्यावर, आणि 1990 च्या दशकात त्या मापांतली सूट फार कमी केली. सेल, मास्ट, डॅगरबोर्ड (बोटीतून खाली पाण्यात सरकवायची फळी) मात्र वेगवेगळ्या बनवणाऱ्यांचे, मापात बसले की झालं. म्हणजे दोन्ही बोटी वन-डिझाइनच म्हणवतात पण पेन्सिलच्या खुणा बघितल्या तर दोन वेगळे कागद दिसतात.

गोल केलेल्या गोष्टींवर पोराशी बोला. ऑप्टिमिस्टचं सेल मास्टला बारीक दोऱ्यांनी बांधलेलं असतं आणि मास्ट आणि सेल यांच्यातली फट 10 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. पाण्यात भिजून दोऱ्या सैल होतात, सकाळी बरोबर असलेलं दुपारी चुकतं. एकदा एक नऊदहा वर्षांची मुलगी माझ्या टेबलाशी आली, मी पट्टी लावली तर वरची फट 14 मिलिमीटर. तिचे बाबा पुढे झाले बांधायला, तिने त्यांचा हात बाजूला केला, सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि वरून खाली एकेक परत बांधत आली, जीभ बाहेर काढून, आणि शेवटी माझ्याच हातातली पट्टी घेऊन स्वतः मोजलं. नऊ. वर बघून विचारते, सातची केली तर बोट जास्त पळेल का? आता ही पोरगी पुढे कुठल्या क्लासमध्ये रमणार ते मला तेव्हाच कळलं, त्यावर खाली बोलतो.

आणि हो, बोट नियमात आहे का बघणं हे माप घेणाऱ्याचं काम आहे असं समजू नका. रेसिंग रूल्सचा 78 वा नियम सांगतो की ती जबाबदारी बोटीच्या मालकाची आणि बोट चालवणाऱ्याची. आम्ही टेबलावर पास केलं म्हणजे पुढच्या महिन्यात पण पास असं नसतं.

पायरी 5: सेकंडहॅंड बघताना

नवीन घ्यायची घाई करू नका. वन-डिझाइनची जुनी बोट किंमत बऱ्यापैकी टिकवून असते, कारण नियम बदलत नाहीत, म्हणून आज घेतलेली दोनतीन वर्षांनी विकता येते. डेव्हलपमेंट क्लासची जुनी बोट मात्र कधीकधी फारच स्वस्तात मिळते, नवीन कल्पनांनी तिला मागे टाकलेलं असतं. हौशी टीनएजरला शिकायला, खोलायला, मोडून परत जोडायला तीच उत्तम. जिंकायला नाही.

बघताना काय बघायचं: ऑप्टिमिस्टच्या तळाला आतून दोन्ही अंगठ्यांनी दाबत जा, कुठे मऊ लागलं, दबून परत वर आलं तर सोडून द्या. हवेच्या पिशव्या तीन असतात, फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी चुरगळलेली दिसली तर बदलावी लागेल, ती सुरक्षेची गोष्ट आहे तिथे काटकसर नको. इल्का बघत असाल तर हल हलवून आत पाणी खळखळतं का ऐका, आणि मास्ट ज्या खड्ड्यात उभा राहतो त्यात पाणी भरून अर्धा तास थांबा. पातळी खाली गेली म्हणजे तळाला गळती आहे, आणि तिथूनच पुढे मोडतोड होते, भर वाऱ्यात मास्ट डेक फाडून बाहेर येतो. विकणारा म्हणेल एवढं काय बघताय, तुम्ही गप्प घड्याळ बघत बसा.

डेव्हलपमेंट बोटीत अजून एक, तिचं मापाचं सर्टिफिकेट कधीचं आहे आणि त्यानंतर नियम बदललेत का ते विचारा. जुन्या नियमात बसणारी बोट नव्यात बसेलच असं नाही, काही ठिकाणी जुन्यांना सवलत असते, काही ठिकाणी नसते. कागद नसेल तर बोट कितीही सुंदर असू दे, रेससाठी ती शोभेची वस्तू.

पायरी 6: दोन्ही प्रकार चालवून बघू दे

क्लबची बोट, मैत्रिणीची बोट, उसनी, कशी का असेना. एका दिवसाने कळत नाही, निदान एक दिवस कमी वाऱ्याचा आणि एक जास्त वाऱ्याचा बघा. त्या दिवशी तुम्ही पोराचा वेग बघू नका, पोर किनाऱ्यावर आल्यावर काय बोलतं ते ऐका. "तो माझ्या आतून घुसला, पुढच्या वेळी मी तिथे जागा ठेवणारच नाही" असं बोललं तर हे पोर रेसचं आहे, डावपेचाचं. त्याला सारख्या बोटींच्या गर्दीत टाका, वर्षानुवर्षं कंटाळणार नाही. "ही दोरी इथून न जाता तिथून गेली असती तर?" असं बोललं तर ते त्या सातच्या फटीवाल्या मुलीच्या जातीचं. अशा पोराला कायम बंद नियमात कोंडलंत तर एक दिवस ते बोट सोडून दुसरंच काहीतरी खोलत बसेल.

तरीपण, आणि इथे बरेच जण माझ्याशी भांडतात, 12-13 च्या आधी मी कुठल्याच पोराला डेव्हलपमेंट क्लासमध्ये पाठवायला सांगणार नाही. आठ वर्षांच्या पोराच्या बोटीतली "मोकळीक" पोर वापरत नाही, बाप वापरतो. मग रेस मुलांची राहत नाही, गॅरेजांची होते, आणि हरलं की बाप म्हणतो मास्ट बदलू. पोर मान हलवतं. ते त्यातून एवढंच शिकतं की हरण्याचं कारण कायम बोटीत असतं. बंद नियमांचा हा एक उपयोग कोणी बोलून दाखवत नाही, ते मुलांना श्रीमंत पोरांपासून वाचवतात का माहीत नाही, पण आपल्याच हौशी बापापासून नक्की वाचवतात. मी स्वतः तो बाप होतो, म्हणून सांगतोय.

मुलांच्या बोटीत हाताने काम करणं वाईट आहे असं मात्र नाही. ऑप्टिमिस्टच मुळात 1947 मध्ये क्लार्क मिल्सने काढली ती प्लायवुडच्या साध्या तक्त्यांतून घरी बनवता यावी म्हणून, पुढचं टोक चपटं आहे ते त्यामुळेच, टोकदार केलं असतं तर 8 फुटी तक्त्यात बसलं नसतं. 1962 च्या सुमाराला आलेली मिरर पण घरी बसून तारेने शिवून चिकटवायच्या किटच्या रूपात विकली गेली आणि हजारोंनी बनली. या दोन्ही घरी बनणाऱ्या बोटी आणि तरी वन-डिझाइनच. म्हणजे करवत आणि फेविकॉल हातात घ्यायचा आनंद हवा असेल तर त्यासाठी मोकळे नियमच लागतात असं काही नाही.

पायरी 7: बदलायची वेळ कधी

वाढदिवस बघून बदलू नका. खूण अशी, की पोर आहे त्या बोटीत सगळ्या वाऱ्यांत स्वतः सेल लावतं, स्वतः सोडवतं, उलटली तर स्वतः सरळ करतं, आणि रेसनंतर का हरलो ते बोटीचं नाव न घेता सांगू शकतं. यातलं शेवटचं जमेपर्यंत मोकळ्या नियमांच्या वाटेला जाऊ नका, कारण तिथे एका वेळी दहा गोष्टी बदलता येतात आणि कशाने फरक पडला ते ओळखायला आधी स्वतःचं चालवणं एकसारखं हवं. आज नीट वळलास, उद्या चुकलास, तर नवीन फॉइल चांगलं का वाईट कसं कळणार?

मधली पायरी पण असते. दोघांची पळणारी बोट हवी असेल तर 29er नावाची, ज्युलियन बेथवेटने काढलेली, नियम कडक पण बोट एवढी चपळ की ट्रिमिंगची, म्हणजे सेल आणि दोऱ्या जुळवत बसायची, हौस भागते. फॉइलचं वेड असेल तर वॉस्प, ती ज्या अँड्र्यू मॅक्डुगलने काढली त्यानेच आधी गाजलेले मॉथ बनवले होते. वॉस्प म्हणजे मॉथची मजा, पण सगळ्यांची सारखी, आणि वजनाप्रमाणे सेल लहानमोठं घेता येतं. तिथे दोन सीझन काढून मग खऱ्या मॉथकडे गेलेलं पोर थेट गेलेल्यापेक्षा कमी भांबावतं, आणि कमी पैसे पाण्यात घालवतं, शब्दशः.

एकदा मोकळ्या नियमांच्या क्लासमध्ये गेलात की पहिल्या दिवसापासून एक वही करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तारीख, वारा साधारण किती, काय बदललं, कोणाच्या बरोबरीने चाललो, एवढं लिहायचं. पोराने लिहायचं, तुम्ही नाही. आणि बूमवर, दोरी जिथे येते तिथे, इन्सुलेशन टेपची पट्टी लावून मार्करने खूण करायची, म्हणजे "परवा भारी चालली होती तेव्हा दोरी कुठे होती" यावर गाडीत भांडण होत नाही. टेप ओली असताना चिकटत नाही, आधी पुसून कोरडं करा, आणि मार्कर पर्मनंटच घ्या, आमची पहिल्या सीझनची सगळी खूण पहिल्याच लाटेत धुऊन गेली होती.